पत्र्याची घडी आणि धातूचा शीण

बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीतून ज्यांनी कुर्डुवाडी ते लातूर असा प्रवास केला आहे, त्यांच्या कानांत तिचा आवाज अजून असेल. खटक-खटक, खटक-खटक. येडशी, ढोकी, मुरूड अशी स्थानके घेत ती गाडी लातूरला पोहोचेपर्यंत हा ठेका थांबत नसे. २००७ आणि २००८ साली हा मार्ग दोन टप्प्यांत रुंद झाला, धाराशिव शहराला पहिल्यांदाच रेल्वे मिळाली आणि तो ठेकाही गेला. आज आठवी-नववीत असलेल्या मुलांनी तो ऐकलेला नाही. तेव्हा प्रसरणाचा धडा शिकवताना ‘रुळांत फट का ठेवतात?’ हा आपला नेहमीचा प्रश्न विचारला, तर एखादा विद्यार्थी उठून ‘सर, आमच्या रुळांत फटच नाही’ असे सांगू शकतो, आणि त्याचे म्हणणे बरोबर असते.

तिथूनच सुरुवात करू. पोलादाचा दर मीटर दर अंश सेल्सियसला सुमारे ०.०१२ मिलिमीटरने वाढतो. आपल्याकडे हिवाळ्यातली पहाट आणि वैशाखातली दुपार यांत रुळाच्या तापमानात ५० अंशांचा फरक सहज पडतो. १२ मीटर लांबीचा रूळ त्यात सुमारे ७ मिलिमीटर वाढतो. जुन्या पद्धतीत एवढी जागा दोन रुळांमध्ये मोकळी ठेवत. चाक त्या फटीवरून गेले की खटक.

नव्या पद्धतीत रूळ एकमेकांना वितळजोड देऊन शेकडो मीटर लांब सलग केलेले असतात. मग त्यांचे प्रसरण जाते कुठे? कुठेच नाही. स्लीपर आणि खडी मिळून रूळ इतका घट्ट धरून ठेवतात, की त्याला लांब होताच येत नाही. न मिळालेली लांबी त्याच्या अंगात प्रतिबल म्हणून राहते. प्रतिबल म्हणजे दर एकक क्षेत्रफळावर येणारे बल. ज्या तापमानाला रूळ बसवला त्याहून तो ३० अंश अधिक तापला, तर दर चौरस मिलिमीटरला सुमारे ७२ न्यूटन प्रतिबल येते. आजच्या ६० किलो वजनाच्या रुळाचा छेद धरला तर एका रुळात दबलेले बल सुमारे ५५ टन भरते. उन्हात शांत पडलेला रूळ असा ५५ टनांनी आवळलेला असतो, हे मुलांना सांगून पाहावे.

म्हणजे प्रसरणाला तोंड देण्याचे दोन मार्ग झाले : फट ठेवणे किंवा आवळून धरणे. आता याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात जाऊ. ढोकीला उतरले की तेरणा कारखान्याची धुराडी दिसत, हे त्या गाडीच्या प्रवाशांना आठवत असेल. कोणत्याही साखर कारखान्यात टर्बाइनमधून काम करून बाहेर पडलेली वाफ जाड नळातून रस आटवण्याच्या पात्रांकडे नेतात. समजा, हा नळ अर्धा मीटर व्यासाचा, ८ मिलिमीटर जाडीचा आणि ३० मीटर लांब आहे. कारखाना बंद असताना त्याचे तापमान ३० अंश, वाफ सोडल्यावर १३० अंश. नळ ३६ मिलिमीटर वाढणार. चार बोटे रुंदीच्या निम्मी म्हणा.

इथे फट ठेवता येत नाही, वाफ निघून जाईल. आवळून धरावे तर? प्रतिबल येते दर चौरस मिलिमीटरला २४० न्यूटन. साधे पोलाद २५०च्या आसपास कायमचे वाकू लागते. नळाच्या दोन टोकांवरचे बल जवळजवळ ३०० टन होते. कोणतीही भिंत, कोणतेही पात्र हे सोसणार नाही. फार तर नळाला मोठा इंग्रजी ‘यू’सारखा वळसा देता येतो, पण अर्ध्या मीटर व्यासाच्या नळाचा वळसा केवढा होईल आणि तो कारखान्याच्या छपराखाली कुठे बसवायचा? एका नळात दुसरा सरकता नळ घालण्याचीही पद्धत होती. त्यातून वाफ गळते आणि सांध्याची पॅकिंग सारखी बदलावी लागते.

म्हणून तिसरा मार्ग निघाला : घडी. नळाच्या मध्ये पातळ पत्र्याचा, वळ्यावळ्यांचा एक तुकडा बसवायचा. हार्मोनियमचा भाता जसा मिटतो आणि उघडतो तसा तो मिटतो आणि उघडतो. कारखान्यात त्याला ‘बेलोज’ म्हणतात, आपण धातूचा भाता म्हणू. ३६ मिलिमीटर हालचाल १२ वळ्यांत वाटली, की एका वळीच्या वाट्याला ३ मिलिमीटर येतात.

या घडीचा इतिहास शोधताना आम्हाला एक गंमत आढळली. तो बार्शीच्या त्या छोट्या गाडीला जाऊन भिडतो.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत नोकरीला आला. बार्शी हे कापसाचे आणि धान्याचे मोठे पेठेचे गाव, पण मुख्य लोहमार्गापासून एकवीस मैल दूर. अडीच फूट रुंदीचा स्वस्त मार्ग तिथवर न्यावा, ही त्याची कल्पना बरीच वर्षे अडल्यावर १८९७ साली पुरी झाली. पुढे हा मार्ग निजामाच्या मुलखात शिरला आणि १९११ साली लातूरला पोहोचला. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. त्याचा वेगळा जिल्हा १९८२ साली झाला. (कॅलथ्रॉपने उतारवयात वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार केली. तिची कथा वेगळी आणि वाचण्यासारखी आहे.)

कॅलथ्रॉपचे सगळे गणित एका आकड्यावर उभे होते : कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार नको. इंजिन असो, डबा असो, मालवाघीण असो, प्रत्येक आसावर तेवढेच. असे केले तर दर यार्डाला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला १५ किलोचा, हलका रूळ पुरतो. आज मुख्य मार्गांवर याच्या चौपट वजनाचा रूळ असतो. पण चार आसांच्या वाघिणीला एकूण २० टनच मिळणार आणि त्यात वाघिणीचे स्वतःचे वजनही आले. वाघीण जितकी हलकी, तितका माल अधिक. म्हणून जाडजूड ओतीव आणि घडीव भागांऐवजी त्याने दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्याच्या चौकटी वापरल्या. सगळ्या मालवाघिणींना २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद अशी एकच चौकट. तिचे भाग पुरवले इंग्लंडमधल्या ‘लीड्स फोर्ज’ या कंपनीने.

ही कंपनी सॅमसन फॉक्स नावाच्या गृहस्थाची. त्याचे नाव झाले ते मात्र वाघिणींमुळे नव्हे, बाष्पित्राच्या भट्टीनळामुळे. त्या काळच्या मोठ्या बाष्पित्रांत पाण्याच्या टाकीतून आरपार एक नळ जात असे आणि त्या नळात कोळसा जळत असे. नळाच्या आत ज्वाळा, बाहेर दाबाखालचे पाणी. दोन संकटे एकदम येत. पाण्याच्या दाबाने नळ बाहेरून चेपला जाई. तो चेपू नये म्हणून पत्रा जाड घ्यावा, तर उष्णता पाण्यात जायला वेळ लागे आणि पत्राच तापून मऊ पडे. शिवाय आतला नळ बाहेरच्या टाकीपेक्षा अधिक तापल्याने अधिक लांब होई, टाकीची दोन्ही झाकणे बाहेर ढकली, आणि रोजच्या पेटवण्या-विझवण्यात झाकणाच्या कडेशी चिरा पडत. फॉक्सने १८७७ साली या नळाला आडव्या वळ्या दिल्या. वळ्यांमुळे पातळ नळही चेपेना, आणि तोच नळ लांबीच्या दिशेला किंचित मिटू-उघडू लागला. समुद्रावरच्या आगबोटींत हे नळ पाहता पाहता पसरले.

एकच घडी दोन कामे कशी करते, हे वर्गात पाहायला एक कागद पुरतो. कोरा कागद दोन पुस्तकांवर पुलासारखा ठेवा, तो स्वतःच्या वजनानेच खाली येतो. त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घाला आणि घड्यांच्या रेघा एका पुस्तकाकडून दुसऱ्याकडे जातील असा ठेवा. आता त्यावर खडूचे खोके बसते. मग तोच कागद हातात घेऊन घड्यांच्या आडव्या दिशेने ओढा. काही बलच लागत नाही, तो लांब होतो. एका दिशेला ताठ आणि दुसऱ्या दिशेला लवचीक. वाघिणीच्या चौकटीला यातला ताठपणा हवा होता. भट्टीनळाला दोन्ही हवे होते. भात्यालाही दोन्हीच हवे असतात : वाफेचा दाब सोसण्याइतका ताठपणा आणि नळाच्या प्रसरणाला वाट देण्याइतकी लवचीकता.

आजचा भाता थेट फॉक्सच्या नळातून निघाला असे मात्र म्हणता येणार नाही. पातळ, लवचीक वळ्यांची दुसरी वाट हवामानशास्त्रातून आली. ल्युसियाँ व्हिदी या फ्रेंच माणसाने १८४४ साली पाऱ्याशिवायचा वायुभारमापक केला, त्यात वळ्यांच्या पत्र्याची निर्वात डबी असते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या वेस्टन फुल्टन या हवामान खात्यातल्या माणसाने सांधाविरहित धातूचा भाता तयार केला. पुढे तेलशुद्धी, वीज आणि रसायनांचे कारखाने वाढले तसे हे भाते मोठमोठ्या नळांत बसू लागले. १९५५ साली अमेरिकेतल्या उत्पादकांनी संघटना करून त्यांच्या आराखड्याचे नियम लिहायला घेतले. त्यांची सुधारलेली रूपे आजही जगभर वापरतात.

घडीने प्रश्न सोडवला, पण फुकट नाही. दर वेळी वाफ सुरू झाली की वळी वाकते, बंद झाली की परत सरळ होते. धातूला हे मोजता येते, असे म्हटले तरी चालेल. तो किती वेळा वाकला याची नोंद त्याच्या अंगात राहते.

ही गोष्ट माणसाला रेल्वेनेच शिकवली, आणि फार महागात शिकवली. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला. मागचे डबे एकमेकांवर चढले, आग लागली, आणि डब्यांची दारे बाहेरून कुलूपबंद होती. पन्नासांहून अधिक माणसे जळून गेली. आसावर त्या दिवशी काही जगावेगळा भार नव्हता. लोक म्हणू लागले, की हादऱ्यांनी लोखंड आतून स्फटिकासारखे ठिसूळ होत असावे. हा समज बरीच वर्षे टिकला.

तो बाजूला सारून मोजमापाला लागला ऑगस्ट व्योलर हा जर्मन रेल्वे अभियंता. त्याने आसाचे नमुने यंत्रात बसवले, टोकाला भार टांगला आणि ते फिरवत ठेवले. फिरत्या आसाचा जो भाग क्षणापूर्वी ताणलेला असतो तो अर्ध्या फेरीत दाबला जातो. अशा हजारो, लाखो फेऱ्या. १८७० साली त्याने जे निष्कर्ष मांडले त्यांत दोन गोष्टी मोठ्या होत्या. एकदाच ओढले तर जे प्रतिबल पोलाद हसत सोसेल, त्याहून पुष्कळ कमी प्रतिबल पुन्हा पुन्हा आले तर ते तुटते. आणि पोलादाच्या बाबतीत प्रतिबलाची एक खालची मर्यादा अशी आहे, की तिच्या आत राहिल्यास आस कितीही फिरवला तरी तुटत नाही. या तुटण्याला धातूचा शीण म्हणतात. १९०३ साली युइंग आणि हम्फ्री यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की धातूचे कण ठिसूळ झालेले नसतात. त्यांच्या आत बारीक घसरणीच्या रेघा उमटतात, त्या दाट होत जातात आणि त्यांतूनच चीर जन्मते.

मग भात्याचे प्रतिबल व्योलरच्या मर्यादेत ठेवले की झाले, असे कोणालाही वाटेल. अडचण अशी, की ते ठेवता येत नाही. लहानशा जागेत ३६ मिलिमीटर हालचाल करायची तर वळीचा माथा आणि तळ स्थितिस्थापक मर्यादेपलीकडेच वाकतात. म्हणजे भाता पहिल्या दिवसापासून थोडा थोडा खर्च होतो. प्रश्न एवढाच उरतो, की किती फेऱ्यांत?

याचे उत्तर १९५४च्या सुमारास अमेरिकेत कॉफिन आणि मॅन्सन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे काढले. कॉफिनचा प्रयोग आपल्या विषयाशी अगदी जुळणारा आहे. त्याने निष्कलंक पोलादाची पातळ नळी दोन्ही टोकांना घट्ट आवळली, म्हणजे तिला लांब होता येऊ नये, आणि ती तापवत-थंड करत राहिला. दर फेरीत धातूत कायमची विकृती किती होते, यावर नळीचे आयुष्य ठरते असे दिसले. ढोबळ मानाने ही विकृती दुप्पट केली तर आयुष्य चौथ्या हिश्श्यावर येते. कागदाची टाचणी, म्हणजे तारेची क्लिप, घेऊन हे पडताळता येईल. एक क्लिप सरळ करून थोड्या कोनातून मागेपुढे वाकवा आणि मोडेपर्यंत मोजा. दुसरी दुप्पट कोनातून. आकडे तारेगणिक बदलतील, म्हणून प्रत्येक कोनासाठी निदान दहा क्लिपा मोडाव्या आणि सरासरी काढावी. आकड्यांतला विस्कळीतपणाही फळ्यावर मांडावा. शिणाच्या प्रयोगात तो नेहमीच असतो आणि अभियंत्याची झोप उडवतो तो तोच.

भात्याच्या आराखड्यातली खरी खोच आता येते. पत्रा किती जाड घ्यावा? कारखान्यातला कोणीही अनुभवी माणूस म्हणेल, जाड घ्या, जाड ते मजबूत. वाफेच्या दाबापुरते हे खरे आहे : पत्रा जाड केला की दाबाने येणारे प्रतिबल झपाट्याने, जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात, उतरते. पण हालचालीमुळे येणारे प्रतिबल उलटे वागते. तेवढ्याच ३ मिलिमीटरसाठी दुप्पट जाड पत्रा वाकवला तर त्याच्या पृष्ठभागावर दुप्पट प्रतिबल येते. वळी वाकवायला बलही सुमारे आठपट लागते. आणि भात्यांच्या नियमांत जो शिणाचा आलेख वापरतात त्याप्रमाणे एकूण प्रतिबल दुप्पट झाले, तर आयुष्य दहाव्या हिश्श्याहूनही कमी उरते. म्हणजे फुटू नये म्हणून जाड केलेला भाता लवकर फुटतो. पातळ केला तर दाबाने फुगतो. यातून सुटका म्हणून एका जाड पत्र्याऐवजी दोन-तीन पातळ पत्रे एकात एक घालून भाता करतात. पोथीची पाने मिळून जाड असली तरी सहज वाकतात, तसेच.

वळ्या वाढवून हालचाल अधिक जणींत वाटावी, ही दुसरी युक्ती. तिलाही मर्यादा आहे. लांब भात्यात दाब भरला की तो मध्येच बाजूला नागमोडी वळतो. शिवाय भात्याचा एक गुण नळ जोडणारे विसरतात. साध्या नळात वाफ दोन्ही टोकांना ढकलते ते बल नळाची भिंत सोसते. मध्ये भाता आला की ती भिंत तुटली! आता ते बल टोकांच्या आधारांनी सोसायला हवे. आपल्या अर्ध्या मीटरच्या नळात दर चौरस सेंटिमीटरला दीड किलो दाब धरला तरी हे बल साडेतीन टनांच्या घरात जाते.

हे विसरल्याचे काय होते, ते इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरो येथे १९७४ साली दिसले. तिथे नायलॉनचा कच्चा माल तयार करणाऱ्या कारखान्यात सहा मोठी पात्रे एकाखाली एक अशा पायऱ्यांवर होती आणि त्यांना २८ इंच व्यासाच्या भात्यांनी जोडले होते. मार्चच्या अखेरीस पाचव्या पात्राला लांब चीर पडलेली आढळली. पात्र काढून टाकले आणि चौथे व सहावे जोडायला २० इंची नळाचा पर्याय केला. पायरी असल्याने नळाला दोन ठिकाणी मुरड द्यावी लागली. त्याचा आराखडा कार्यशाळेच्या फरशीवर खडूने पूर्ण मापात काढला होता. याखेरीज कागदावर रेखाटन नव्हते. नळ दोन्ही टोकांच्या भात्यांमध्ये टेकला होता पाडाच्या लोखंडी नळ्यांवर. दाब दर चौरस सेंटिमीटरला आठ-नऊ किलो. म्हणजे दोन्ही टोकांना तीस टनांहून अधिक बल, तेही मुरडीमुळे एका रेषेत नाही. भात्याला असे आडवे कातरबल सोसत नाही, हे उत्पादकाच्या माहितीपत्रकात असते. ते कोणी पाहिले नव्हते. १ जून १९७४, शनिवार, संध्याकाळी पाचच्या सुमारास तो नळ मध्ये मोडला, सायक्लोहेक्झेनचा ढग पसरला आणि पेटला. अठ्ठावीस माणसे मेली. शनिवार नसता तर आकडा पुष्कळ मोठा झाला असता.

चौकशी न्यायालयाने १९७५ साली दोष त्या तात्पुरत्या नळावर ठेवला. पुढे काही तज्ज्ञांनी वेगळे क्रम सुचवले, पण भात्यांच्या मध्ये टेकवलेला तो नळ योग्य होता असे कोणीच म्हटले नाही. इथे शिणाला वेळच मिळाला नाही. भाते किती फेऱ्या टिकतील हा हिशेब त्यांच्या आधारांचा हिशेब झाल्यावर येतो, आणि तो आधीचाच हिशेब केलेला नव्हता.

आपल्या साखर कारखान्यात दाब थोडा आणि माल ज्वलनशील नाही, तरी १३० अंशांची वाफ माणसाला भाजायला पुरेशी आहे. गळीत हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो, म्हणून नळ सहसा गरमच असतो. पण उसाची गाडी अडली, गाळणयंत्र बिघडले, साफसफाईसाठी थांबले, की नळ थंड होतो आणि पुन्हा तापतो : झाली एक फेरी. हंगामात अशा वीस फेऱ्या झाल्या असे धरले तर हजार फेऱ्यांसाठी बनवलेला भाता पन्नास हंगाम टिकायला हवा. प्रत्यक्षात तो आधीच चिरला, तर कारण बहुधा दुसरेच निघते. कुठे नळ सरळ सरकावा म्हणून लावायचे मार्गदर्शक आधार लावलेले नसतात. कुठे जोडताना दोन नळांची रेषा जमली नाही म्हणून भाताच ओढून, पिळून बोल्ट बसवलेले असतात. पीळ तर भात्याला मुळीच सोसत नाही. कुठे भिजलेल्या आवरणातले क्षार निष्कलंक पोलादाला ताणाखाली कुरतडतात.

आणखी एक कारण डोळ्यांनी दिसणारे आहे. कारखान्यातून येताना भाता वाटेत लांब-आखूड होऊ नये म्हणून त्यावर आडव्या सळ्या जोडून पाठवतात. त्या बहुधा पिवळ्या रंगवलेल्या असतात. नळ बसवून झाला, की वाफ सोडण्यापूर्वी त्या काढायच्या. राहून गेल्या तर भात्याची घडी उघडत-मिटत नाही आणि ते ३०० टन पुन्हा आधारांकडे जातात. काही सळ्या मात्र कायमच्या, बल सोसण्यासाठीच असतात, त्या काढायच्या नाहीत. शाळेची सहल साखर कारखान्यात जाईल तेव्हा मुलांना रस आटवण्याच्या पात्रांकडे जाणारा जाड नळ दाखवावा, त्यावरचा भाता आणि दोन्हीकडचे आधार शोधायला सांगावे, वळ्या मोजायला सांगाव्या. पिवळी सळी दिसली तर ती कोणती, हे तिथल्या अभियंत्याला विचारावे.